कृपया ब्रेक दाबू नये

"जुन्या पुलामार्गे जाणारी जलद गाडी फलाट दोनवर उभी आहे. प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, ही गाडी रुग्णालयापाशी थांबणार..." इथे खोकला आला आणि त्याने पुढचा 'नाही' गिळून टाकला.

बसस्थानकावर शेवटच्या शब्दासाठी कोण खोळंबून राहतो? आजारी माणसांना भेटायला निघालेले सगळे जण डबे आणि थर्मास सावरत त्या गाडीत चढले. रुग्णालय डोळ्यांदेखत आलं, तसंच मागे गेलं, आणि गाडी थेट शेवटच्या थांब्यावर जाऊन उभी राहिली. संध्याकाळी ती सगळी मंडळी गार झालेले डबे घेऊन स्थानकप्रमुखांच्या टेबलाभोवती जमली. ते दृश्य फारसं प्रेक्षणीय नव्हतं.

"बाई," मंडळी पांगल्यावर स्थानकप्रमुख म्हणाले, "पुढच्या महिन्यात मुख्य कार्यालयातून मोठे साहेब येणार आहेत. उद्घोषणेसाठी यंत्र बसवायचं त्यांच्या मनात आहे. मी आजवर तुमच्या आवाजाचं नाव सांगून ते टाळत आलो. पण यंत्राला खोकला होत नाही. साहेब स्वतः ऐकतील आणि काय ते ठरवतील."

ज्यांना हे सांगितलं गेलं त्या बाईंना सगळी इमारत काकू म्हणत असे. त्यांनी घरी येऊन चपला काढता काढता ही हकीगत यजमानांना सांगितली, तीही मध्ये दोनदा खोकून. बसस्थानकावर उद्घोषणा ऐकणाऱ्या माणसांना काकूंचा चेहरा माहीत नव्हता, पण आवाज ओळखीचा होता. गाडी चुकलेल्या माणसालाही त्या आवाजात 'गाडी गेली' हे ऐकताना बरं वाटायचं. तो आवाज गेला तर काकूंचं काय राहिलं, हा विचार काकूंनी बोलून दाखवला नाही. त्या फक्त पाणी प्यायल्या.

यजमानांना इमारतीत सावधराव म्हणत. ते विमा कंपनीत दाव्यांच्या विभागात होते, आणि माणसं कशाकशावरून पडतात, घसरतात आणि कशाखाली सापडतात हे आयुष्यभर वाचून काढल्यामुळे कठडा हलवून बघितल्याशिवाय ते जिना चढत नसत. अशा माणसाच्या घरात खोकला शिरावा आणि त्याचा दावा कोणावर लावायचा हे कळू नये, ही गोष्ट त्यांना फार लागली.

डॉक्टरांनी घसा पाहून "धुळीपासून दूर राहा" असं सांगितलं होतं. घर तर आरशासारखं स्वच्छ. मग धूळ कुठली? या विचारात सावधरावांनी फ्रिजचं दार जरा जोरात लावलं. दारावर विजेचं बिल धरून बसलेलं लोहचुंबक उडालं आणि खिडकीच्या कट्ट्यावर जाऊन पडलं. ते उचलून पाहतात तर त्याला मिशा फुटलेल्या. बारीक, काळ्या, ताठ उभ्या राहिलेल्या. फुंकर मारली तरी पडेनात.

साधी माती चुंबकाला चिकटत नाही, हे सावधराव शाळेत शिकले होते. ही पूड लोखंडाची होती. ते खिडकीतून खाली पाहू लागले. त्यांची इमारत उताराच्या पायथ्याला, अगदी वळणावर. पहिल्या मजल्याच्या खिडकीखालीच रस्त्यावर एक गतिरोधक. वरून मोटारसायकल सुसाट यायची, गतिरोधक दिसला की करकचून ब्रेक लागायचा, चर्रर्र आवाज व्हायचा आणि गाडी टुणकन उडी मारून पुढे. लगेच दुसरी. तिच्यामागे तिसरी. आणि त्यांना वर्तमानपत्रात वाचलेलं आठवलं, की ब्रेक दाबला की त्याची पट्टी चकतीवर घासते, दोन्ही झिजतात, आणि जे झिजतं ते हवेत जातं. धूर निदान दिसतो, त्याच्यावर खेकसता तरी येतं. ही पूड डोळ्यांना दिसत नाही आणि श्वासाबरोबर पार छातीच्या तळाशी जाऊन बसते.

"अगं," ते आतल्या खोलीकडे तोंड करून म्हणाले, "तू ब्रेक खाते आहेस."

काकूंना वाटलं, ह्यांना बरं नाही.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोग सुरू झाले. सकाळी कट्टा धुवायचा, संध्याकाळी कागदात गुंडाळलेलं चुंबक फिरवायचं आणि निघालेली पूड मुरांब्याच्या रिकाम्या बरणीत भरायची. बरणीचा तळ भरला तसा सावधरावांना हुरूप आला. घरी येईल त्याच्यापुढे चहाच्या आधी बरणी यायची. "हे तुमच्याही छातीत आहे," असं ते पाहुण्यांना अगत्याने सांगत. पाहुणे हळूहळू यायचे बंद झाले. त्यामुळे चहा वाचला, पण सल्ले थांबले नाहीत, कारण सल्ला द्यायला माणसाला घरात यावं लागत नाही. तो जिन्यातही देता येतो.

खिडक्या बंद ठेवून झाल्या. घरात जीव गुदमरला. मग कोणी सांगितलं, खिडकीवर ओली चादर लावा. लावली. चादरीला बुरशी आली आणि खोकला दुप्पट झाला. मग काकूंचे धाकटे भाऊ, म्हणजे सावधरावांचे मेव्हणे, रविवारी मोटारसायकलवरून पंखा घेऊन हजर झाले. मेव्हण्यांचा उत्साह असा, की त्यांना अडवायचं म्हणजे त्यांना आधी पकडावं लागे.

"भावोजी, तुम्ही बाजूला व्हा. हवा बाहेर फेकणारा पंखा आहे हा. बसवला की घरात कण राहणार नाही."

त्यांनी खिडकीची वरची काच काढून पंखा बसवला आणि चालू केला. पंखा झकास फिरत होता. दुपारपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही की तो उलटा बसला आहे, आणि रस्त्यावरची हवा इमाने इतबारे आत ओढतो आहे. लक्षात आलं तेव्हा टेबलावरच्या पांढऱ्या कापडावर बोटाने नाव लिहिता येत होतं आणि काकू भिंतीला धरून खोकत होत्या. खोकला थांबल्यावर त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि नुसती हवा आली. आवाजच नाही.

 मेव्हण्यांच्या हातातला पाना तसाच राहिला. काकूंनी गळ्याला हात लावला, पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा काही नाही. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. साहेबांच्या चाचणीला आता थोडेच दिवस उरले होते. संध्याकाळी गरम पाण्याच्या वाफेने आवाज घोगरा होऊन परत आला.

"अहो सावधराव, मूळ सोडून फांद्या काय छाटताय?" खालच्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले म्हणाले. "ब्रेक का लागतो? गतिरोधक आहे म्हणून. तो काढायला लावा."

हे सावधरावांना पटलं. ते बरणी घेऊन रस्ते विभागाच्या कार्यालयात गेले. अभियंता साहेबांनी त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, नकाशा उलगडला, बराच वेळ पाहिला आणि घडी घालून ठेवला.

"तिथे गतिरोधक नाही."

"साहेब, मी रोज त्याच्यावरून जातो."

"तुम्ही जात असाल. पण तो आमच्याकडे नाही. कोणीतरी परस्पर डांबर ओतलेलं दिसतंय. जो मुळात नाही तो मी काढू कसा? उद्या मला विचारतील, काय काढलं?"

"मग मी काय करू?"

अभियंता साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी विचार करून मार्ग काढला. "असं करा, आधी गतिरोधक मंजूर करून घ्या. एकदा तो मंजूर झाला, की तो आहे असं होईल. मग तो रद्द करायचा अर्ज करा."

पुरावा म्हणून सावधरावांनी बरणीचं झाकण उघडलं, त्याच वेळी साहेबांच्या डोक्यावरचा पंखा कोणीतरी चालू केला. पुढचं वर्णन टाळलेलं बरं. एवढंच, की साहेबांनी नंतर बराच वेळ पांढरा शर्ट झटकला आणि सावधरावांनी तिथेच लिहिलेल्या मंजुरीच्या अर्जावर सही करताना वर पाहिलं नाही.

एरवी ज्या कार्यालयात कागद टेबलावरून टेबलावर जाताना म्हातारा होतो, तिथून हा अर्ज मात्र आठवड्याच्या आत मंजूर झाला. सावधरावांनी तो शुभशकुन मानला. संध्याकाळी ते कामावरून परतले तर उतारावर वाळूचा ढीग, आणि जुन्या गतिरोधकाच्या जरा वर एक नवा कोरा, चांगला गुडघाभर वाटावा असा दुसरा गतिरोधक.

बँकवाले कठड्याला टेकून उभे होते. "मजूर आले होते. त्यांच्याकडे गतिरोधक बांधायचा हुकूम होता. मी म्हटलं, इथे आहे की. ते म्हणाले, तो कागदावर नाही. मग जागा बघून वर बांधला."

आता प्रत्येक मोटारसायकल दोनदा ब्रेक मारू लागली. वरच्या गतिरोधकाला करकच्चून, खालच्याला पुन्हा. कट्ट्यावरची पूड आता चुंबकाशिवायही दिसे. काकूंनी त्या संध्याकाळी पिशवी भरली.

"मी भावाकडे जाते. चाचणी होईपर्यंत."

"आणि नंतर?"

काकूंनी पिशवीची चेन लावली. "ते नंतर बघू," त्या म्हणाल्या. मेव्हण्यांचं घर उताराच्या वर, टेकाडावर होतं. ते ताईला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेले.

सावधराव एकटे उरले. रोज फोन करायचे. पहिल्या दिवशी काकू चार शब्दांनंतर खोकल्या. दोन-तीन दिवसांनी त्यांनी घरातल्या गॅसपासून कुलपापर्यंत सगळ्याची एका दमात चौकशी केली. आवाज पुन्हा पूर्वीसारखा घट्ट झाला होता. म्हणजे दोष हवेचाच, हे सावधरावांचं म्हणणं खरं ठरलं होतं. आणि बायको त्यांच्या घरात खोकते, बाहेर खोकत नाही, हेही. आपलं बरोबर निघाल्याचं इतकं वाईट त्यांना आजवर कधी वाटलं नव्हतं. आता ती परत येईल कशाला? आली तर पुन्हा खोकणार. नाही आली तर आपण कोणासाठी कट्टा पुसायचा?

चाचणीच्या दिवशी सकाळी त्यांच्या डोक्यात शेवटचा उपाय आला. माणसांनी उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवली, तर इंजिनच गाडीला धरून ठेवतं, ब्रेक फारसा लागतच नाही. मग हे लोकांना सांगायचं. त्यांनी एक पुठ्ठा घेतला आणि लिहिलं: 'उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये, हळू आणावी, म्हणजे ब्रेक कमी लागेल. करकचून कृपया ब्रेक दाबू नये.' मजकूर मोठा, पुठ्ठा लहान. म्हणून सुरुवातीचा भाग बारीक अक्षरात गेला आणि शेवटचे चार शब्द तेवढे ठळक आले. पुठ्ठा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ते उताराच्या मध्यावर जाऊन उभे राहिले. लांबून दिसत होतं ते एवढंच: कृपया ब्रेक दाबू नये.

काही जण हसून गेले. एकाने नमस्कार केला. खाली चौकात उभा असलेला वाहतूक हवालदार मान वाकडी करून वर बघू लागला. आणि तेवढ्यात टेकाडावरून एक मोटारसायकल आली. चालवणारे मेव्हणे, मागे काकू, चाचणीसाठी बसस्थानकाकडे निघालेल्या.

मेव्हण्यांना पुठ्ठा दिसला. तो भावोजींच्या हातात होता. पंखा उलटा बसवल्यापासून भावोजींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यांनी मनोमन ठरवलं होतं. त्यांनी ब्रेकवरचा पाय उचलला.

सावधरावांना ते कळलं तेव्हा गाडी त्यांच्या शेजारून वाऱ्यासारखी निघून गेली होती.  नेहमी दुसऱ्याचे अपघात वाचणारा माणूस स्वतःच्या बायकोला उतारावरून खाली जाताना बघत होता आणि हातात तो पुठ्ठा होता. वरच्या गतिरोधकावर गाडी उडाली. मेव्हण्यांचा पाय ब्रेक शोधू लागला आणि सापडेना. खाली वळणावर, गल्लीतून पाण्याचा टँकर सावकाश, आपलं भलंमोठं पोट घेऊन रस्त्यात येत होता.

तेव्हा मागच्या सीटवरून तो आवाज आला.

"सर्व वाहनचालकांनी कृपया लक्ष द्यावे. सर्व वाहनांनी आहेत तिथेच थांबावे."

न चिरकता, न घाबरता. उभ्या स्थानकाला पुरेल असा. टँकरवाला थांबला. रिक्षा थांबल्या, सायकली थांबल्या, हवालदारही हात वर केलेला तसाच ठेवून थांबला. तो आवाज ऐकून थांबायचं, ही सगळ्यांना सवयच होती. फक्त ती एक मोटारसायकल थांबली नाही. ती टँकरच्या नाकासमोरून निसटली, खालच्या गतिरोधकावर आपटली आणि मजुरांनी टाकून दिलेल्या उरलेल्या वाळूत चाक रुतवून आडवी झाली.

सावधराव पुठ्ठ्यासकट धावत खाली आले. काकू वाळूतून उठून उभ्या राहिल्या होत्या. मेव्हणे कोपर चोळत होते. कोणाला फार लागलं नव्हतं. काकूंनी अंगावरची वाळू झटकली, पुठ्ठा वाचला, मग नवऱ्याकडे पाहिलं. सावधरावांच्या चष्म्यावर धुळीचा थर बसला होता.

"चष्मा पुसा," त्या म्हणाल्या, आणि बसस्थानकाकडे चालू लागल्या.

हवालदाराने सावधरावांना चौकीत नेलं. "काका, दिसता तर सज्जन. उतारावर उभं राहून ब्रेक दाबू नका म्हणता? कोणावर राग आहे का?"

सावधरावांनी बारीक अक्षरं दाखवली. हवालदाराने पुठ्ठा डोळ्यांजवळ नेऊन ती वाचली. मग सावधरावांनी त्याला खोकल्यापासून गतिरोधकापर्यंत सगळं सांगितलं. हवालदार ऐकता ऐकता स्वतःच दोनदा खोकला आणि जरा विचारात पडला. दिवसभर तो त्याच चौकात उभा असे.

चौकी बसस्थानकाच्या मागच्या भिंतीला लागून होती. भोंग्याचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा. सावधराव बोलायचे थांबले. काकूंचा आवाज आला होता. साहेबांनी मुद्दाम लांब पल्ल्याची गाडी निवडलेली दिसत होती, जिच्या थांब्यांची यादी संपता संपत नाही.

"...वीटभट्टी, पाण्याची टाकी, विद्यालय, जुना पूल, बाजार..."

सावधरावांनी बाकाची कड धरली. बाजारानंतर ती श्वास घेते. खोकला तिथेच दबा धरून असतो, हे त्यांना ठाऊक होतं. आवाज थांबला. हवालदारानेही हातातला चहाचा पेला तसाच धरून ठेवला. एक क्षण गेला. भोंग्यातून नुसती खरखर येत राहिली. सावधरावांना वाटलं, आजची वाळू. घशात वाळू गेली असणार, आणि तीही आपल्यामुळे.

"...नवा पूल, गिरणी, आणि शेवटी नदीपलीकडचा नाका, या सर्व थांब्यांवर थांबेल."

हवालदाराने पेला तोंडाला लावला. "जा काका," तो म्हणाला. "पुठ्ठा इथेच राहू द्या."

त्या पुठ्ठ्याचं पुढे असं झालं, की हवालदाराने वरिष्ठांना सांगून उताराच्या माथ्यावर रीतसर फलक लावून घेतला: उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. सगळी अक्षरं एकाच आकाराची. सगळे ऐकतात असं नाही, पण बरेच जण ऐकतात. रस्ते विभागाने अनधिकृत गतिरोधक काढायला माणसं पाठवली, त्यांनी नवा दिसतो म्हणून नवाच काढला. म्हणजे आता कागदावर आहे तो रस्त्यावर नाही आणि रस्त्यावर आहे तो कागदावर नाही. सावधरावांनी या बाबतीत पुन्हा अर्ज न करण्याचं ठरवलं आहे.

पण हे सगळं नंतर. त्या दिवशी दुपारी ते मेव्हण्यांच्या घरी गेले. काकू तिथे चहा पीत बसल्या होत्या. साहेबांनी यंत्राचा विचार तूर्त लांबवला होता. आवाज असाच राहिला तर यंत्राची गरज नाही, असंही म्हणाले होते.

"म्हणजे मी तुला घरी न्यायला आलोय, पण ये म्हणवत नाही," सावधराव म्हणाले. "खिडकी तिथेच आहे, रस्ताही तिथेच."

कोपराला पट्टी बांधलेले मेव्हणे मध्येच म्हणाले, "पण भावोजी, तुमच्या मागच्या खोलीची खिडकी झाडांकडे उघडते. तिथे पूड नसणारच. ताई त्या पुढच्या खोलीत रस्त्याला लागून का झोपते?"

इतक्या दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, बँकवाल्यांनी नाही, अभियंता साहेबांनी तर नाहीच. सावधरावांनी काकूंकडे पाहिलं. "तिला पुढे वारा लागतो. हो ना?"

काकू कपातल्या चहाकडे बघत राहिल्या. "तुम्ही घोरता," त्या म्हणाल्या.

"मी?"

"हो."

सावधराव दुखावले गेले. आपण घोरतो याचा कोणताही पुरावा आजवर त्यांच्यासमोर आला नव्हता, आणि पुराव्याशिवाय ते काही मान्य करत नसत. त्यांनी तिथल्या तिथे खाली राहणाऱ्या बँकवाल्यांना फोन लावला. आपण रात्री घोरतो का, असं थेट विचारलं.

"ते तुम्ही होय?" बँकवाले म्हणाले. "आम्ही आजवर समजत होतो, रोज कोणाची तरी मोटारसायकल उतार चढायला बघते आणि तिला चढवत नाही."

सावधरावांनी फोन खिशात ठेवला.  बायको इतकी वर्षं रस्त्याची धूळ खात होती, ती आपल्या झोपेला धक्का लागू नये म्हणून.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही अर्ज केला असता."

अर्जाचं पहिलं वाक्य सावधरावांच्या मनात एव्हाना तयार झालं होतं. ते त्यांनी खोडलं. "मी पुढच्या खोलीत झोपेन," ते म्हणाले. "तू मागे झोप."

"आणि तुम्ही खोकायला लागलात की? तुमची चाचणी घ्यायला कोण येणार आहे?" काकूंनी कप खाली ठेवला. "दोघंही मागे झोपू. मी कानात कापूस घालेन. पुढची खिडकी बंद ठेवू आणि कट्टा ओल्या फडक्याने पुसायचा, कोरड्या नाही. एवढं तुमच्याकडे."

"रोज?"

"रोज."

सावधरावांनी पिशवी उचलली. मेव्हणे गाडीची किल्ली घेऊन उठले होते, त्यांना दोघांनीही हाताने बसवलं. मग ती दोघं पायीच उतार उतरू लागली. शेजारून मोटारसायकली ब्रेक मारत जात होत्या. काकूंनी नाकाला रुमाल लावला होता. त्या भिंतीच्या बाजूने चालत होत्या, आणि सावधराव रस्त्याच्या.